लॉकेटमधली काळी वेणी

१

सिद्धेश्वरीनं लॉकेट माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "दाक्षाक्का, लेक गेली माझी. परत गेली."

पार्लरच्या खुर्चीत एक बाई आयब्रोसाठी मान मागं टाकून बसली होती. तिला मी सरळ सांगितलं, उद्या या. एक भुवई झालेली, एक राहिलेली. तशीच ओढणी तोंडावर घेऊन गेली बिचारी. पण सिद्धेश्वरीचा चेहरा बघून मला दुसरं काही सुचलंच नाही.

आधी लॉकेटचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे लॉकेट शंभर-सव्वाशे वर्षांचं, विलायती. त्या लोकांत तेव्हा पद्धत होती म्हणे. घरातलं माणूस गेलं की त्याचे थोडे केस कापून दागिन्यात बसवायचे आणि तो दागिना अंगावर वागवायचा. कुठल्याशा गिरणीच्या साहेबाचं लहान पोर सोलापुरात तापानं गेलं, त्याच्या आईनं हे करवून घेतलेलं. फिरत फिरत ते मंगळवार पेठेतल्या गुरुशांतच्या दुकानात आलं. जुनी चांदी, जुनी घड्याळं असलं काय काय विकतो तो. लॉकेट पुस्तकासारखं उघडतं, आत दोन्ही बाजूंना काच. डाव्या काचेखाली त्या पोराच्या सोनेरी केसांची पेराएवढी वेणी. उजवी बाजू रिकामी होती.

सिद्धेश्वरीनं ते विकत घेतलं तेव्हा गुरुशांत म्हणाला होता, जुने केस काढून देतो. ही म्हणाली, "त्याच्या आईनं ठेवलेत. मी कोण काढणार?" आणि उजव्या काचेखाली तिनं शिवलीलाच्या केसांची वेणी ठेवली.

शिवलीला म्हणजे तिची थोरली. ऐन उमेदीत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. बसवून, विभूती लावून, बेलपानं वाहून मातीत समाधी देतात, आणि गळ्यातलं लिंग त्याच्याबरोबरच जातं. शिवलीलाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि परस्पर जाळलं. अंगावरचं काही परत आलं नाही, लिंगसुद्धा नाही. तिचा बाप सोमशेखर दवाखान्याच्या फाटकापाशी दिवसभर उभा होता. संध्याकाळी घरी आला तो दोऱ्यानं बांधलेली एवढीशी वेणी घेऊन. नर्सनं कापून दिली म्हणाला.

त्या वेणीवर ही बाई चार वर्षं जगली. आता धाकट्या राजेश्वरीचं लग्न ठरलंय, अक्कलकोटचं स्थळ. लग्नाआधी थोरलीला तिच्या हक्काची माती मिळावी म्हणून सिद्धेश्वरीनं ठरवलं, शरीर नाही तर नाही, त्या केसांनाच विधीनं समाधी द्यायची. येत्या सोमवारी. विधी करणाऱ्या स्वामींना सांगून झालं होतं, शेतात खड्डासुद्धा खणून झाला होता. आणि काल गुरुवारी तिनं लॉकेट उघडलं तर आत काळी वेणी नाही.

मी उजेडात धरून बघितलं. उजवी काच रिकामी होती. डाव्या काचेखाली सोनेरी वेणी मात्र जागच्या जागी होती.

"संशय कुणावर?" मी विचारलं.

"संशय कशाला, मला माहितीय. राजूनं घेतली. तोंडावर सांगितलं मी तिला, तुझ्या मांडवात बहीण आडवी येत होती म्हणून फेकलीस. कालपासून जेवत नाही, लग्न मोडा म्हणते. मोडू दे."

"काय बोलतेस सिद्धू तू?"

"खरं बोलते. मेली ती माझी सोन्यासारखी पोर, आणि हिला चुडा भरायची घाई."

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. राजेश्वरी माझ्यासमोर फ्रॉकमध्ये खेळलेली पोर. लग्न मोडलं तर ती या घरात राहायची नाही, हे मला दिसत होतं. एक लेक नशिबानं नेली, दुसरी आई स्वतःच्या तोंडानं घालवत होती.

"ही सोनेरी वेणी आत राहिलीय, हे कुणाला सांगितलंस?"

"नाही. काळी गेली एवढंच बोलले."

"मग तोंड मिटून बस. मी येते संध्याकाळी."

२

मी काही पोलीस नाही. पण पंचवीस वर्षं भवानी पेठेत पार्लर चालवतेय. खुर्चीत मान मागं टाकली की बायका असं काय काय सांगतात की नवऱ्याला कळलं तर घरं फुटतील. माणूस खोटं बोलायला लागलं की आधी मानेची शीर ताठ होते, हे मला हाताला कळतं. पेठेत काही हरवलं-सापडलं की आधी माझ्याकडे येतात ते म्हणूनच.

पहिल्यांदा गेले मंगळवार पेठेत. गुरुशांतवर संशय घ्यायचं कारण होतं. बिजागरी ढिली झाली म्हणून लॉकेट परवापर्यंत त्याच्याच दुकानात होतं. त्यातून त्याचा त्या लॉकेटवर डोळा, हे सगळ्या पेठेला ठाऊक.

"डोळा आहे, नाही कशाला म्हणू," तो म्हणाला. "असला माल परत मिळत नाही. पुण्याचं गिऱ्हाईक थांबलंय. फक्त त्या साहेबाच्या पोराचे केस पाहिजेत त्याला, आपले काळे नकोत."

"म्हणजे काळे काढले तर तुझा फायदाच की."

तो हसला. "दाक्षाक्का, वहिनींनी मला शब्द दिलाय. सोमवारी वेणी मातीत गेली की लॉकेट तुझं. मी चार दिवसांसाठी कशाला चोरी करू? आणि बुधवारी सोमशेखरअण्णा न्यायला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर उघडून दाखवलंय. दोन्ही वेण्या आत होत्या. विचारा त्यांना."

म्हणजे बुधवारी दुकानातून निघेपर्यंत वेणी होती. गुरुवारी नव्हती. मधल्या वेळात लॉकेट घरातच होतं. सिद्धेश्वरी ते लिंगाच्या दोऱ्यातच ओवते, पण आंघोळीला जाताना काढून देवघरातल्या ताटलीत ठेवते. घरातल्या कुणाचाही हात पोचला असता.

सिद्धेश्वरीच्या घरी तिची सासू काशम्मा ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. ऐंशीला टेकलेली, पण आवाज खणखणीत.

"म्या घेतलं न्हाय," मी विचारायच्या आधीच म्हणाली. "घेतलं असतं तर दोनी घेतलं असतं. त्या गोऱ्या पोराचं आदी. लिंगाला लागून मेल्याली केसं, बरं दिसतंय व्हय? आपल्यात मानूस गेलं की शिवात मिळालं. मागं काय ठेवायचं नसतंय."

"मग सुनेला कधी बोलला नाहीत अव्वा?"

"लई बोलले. ऐकतंय कोन? पन सोमवारी जानारच हुतं की समदं. आता कशाला हात लावू म्या?"

तिच्या मानेची शीर सैल होती. म्हातारी खरं बोलत होती.

तिथून सोमशेखरच्या दुकानात गेले. चादरी आणि टॉवेल यांच्या थप्प्यांमध्ये तो हिशेब न करता नुसता बसला होता. लॉकेट बुधवारी आपणच आणलं, आत वेणी होती, हे त्यानं लगेच कबूल केलं. मग म्हणाला, "जाऊ द्या ना दाक्षाक्का. देवाच्या मनात नसेल समाधी. स्वामींना मी सांगतो येऊ नका म्हणून."

"आणि राजूवरचा आळ?"

"राजूनं घेतली नाही. शपथेवर सांगतो."

"कशावरून?"

त्यानं एक घडी घातलेली चादर उलगडली आणि परत घडी घातली. "बाप आहे मी तिचा," एवढंच बोलला.

त्यांच्या घरी परत आले, तर राजेश्वरी दारातच उभी होती. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, उगाच फिरू नका. मीच घेतली."

३

तिला घेऊन मी गच्चीवर गेले. खाली मागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळं बोललेलं कुणाला ऐकू गेलं नसतं.

"कधी घेतलीस?"

"बुधवारी. मम्मी आंघोळीला गेली तेव्हा."

"काय केलंस?"

"जाळली गॅसवर. झालं समाधान? मम्मीला सांगा, तिचं बरोबर होतं."

"दोन्ही वेण्या जाळल्यास?"

"हो. दोन्ही."

मी तिच्याकडे बघत राहिले. बावळट पोर. आत सोनेरी वेणी आहे तशी आहे, हे तिला माहीतच नव्हतं.

"राजू, तू लॉकेटला हातसुद्धा लावलेला नाहीस. मग अंगावर का घेतेस?"

तिनं कठड्याला धरलं. "चार वर्षं झाली मावशी. सकाळी उठली की ते लॉकेट डोळ्याला लावते. मग चहा. मी बारावी झाले, कॉलेज झालं, पहिल्या नंबरानं झाले, तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलेलं मला आठवत नाही. काल पहिल्यांदा बघितलं, ते चोर म्हणून. मग चोर तर चोर. निदान तिला कुणीतरी सापडेल."

तिच्या पाठीवर हात फिरवला, तर वेणीतून सुटलेले केस बोटांत आले. दाट, किंचित लाटेचे. लहानपणापासून मीच कापतेय तिचे केस. तिला जेवायला बस म्हणाले, ती नाही म्हणाली.

जिना उतरताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ज्याला ज्याला ती वेणी घरात नको होती, त्या प्रत्येकाचं काम सोमवारी आपोआप होणार होतं. काशम्माचं, गुरुशांतचं, राजूचंही. मग चोरणारा वेगळाच कुणीतरी होता. त्याला वेणी घालवायची नव्हती. त्याला ती मातीत जाऊ द्यायची नव्हती.

पण का? शिवलीलाला माती मिळू नये असं या घरात कुणाला वाटेल?

४

लॉकेट माझ्याकडेच होतं. पार्लरमध्ये आले, मोठा दिवा लावला आणि प्लकरनं उजव्या काचेची कडा उचलली. घाईनं काढताना वेणीचे दोन-तीन केस बिजागरीत अडकून तुटले होते. ते मी पांढऱ्या टिशूवर ठेवले. काळे, चमकदार. दिव्याखाली किंचित तपकिरी झाक.

मी बघतच राहिले. ही झाक तिथं असायला नको होती.

आता जे सांगते ते फक्त मला आणि शिवलीलाला माहीत होतं. शिवलीलाचे केस विशीच्या आत पिकायला लागले होते. उजव्या कानाच्या वर एक पांढरा पट्टाच होता. त्या वर्षी तिला बघायला येणार होते. आईला कळलं तर जीव टाकेल म्हणून ती गुपचूप माझ्याकडे यायची आणि काळी मेंदी लावून घ्यायची. पट्टा उठून दिसू नये म्हणून सगळ्या केसांना, मुळापासून शेंड्यापर्यंत. आजारी पडायच्या थोडंच आधी लावून गेली होती. तिचा केस कुठूनही कापा, त्यात काळी मेंदी सापडणारच.

काळ्या मेंदीच्या केसाची चाचणी कुठलीही पार्लरवाली करते. त्यावर ब्लीच टाकलं की केस हिरवट, चिखलाच्या रंगाचा होतो. म्हणून तर गिऱ्हाईक नवीन असलं की आम्ही आधी विचारतो, घरी काय लावलंत?

मी एका केसावर ब्लीचचा ठिपका ठेवला आणि वाट बघत बसले. केस आधी तांबूस झाला, मग पिवळा पडला. हिरवा झाला नाही. त्याला कधी मेंदी लागलीच नव्हती.

मी स्टुलावर बसले. सिद्धेश्वरीनं चार वर्षं डोळ्याला लावली ती वेणी शिवलीलाची नव्हतीच.

मग कुणाची? त्या दिवसांत सगळं बंद. ना सलून उघडं, ना कुणाच्या घरी जायची सोय. म्हणजे केस घरातल्याच कुणाचे तरी. काशम्माचे तेव्हाच पांढरेशुभ्र. सिद्धेश्वरीचे मी स्वतः दर महिन्याला काळ्या मेंदीनं रंगवत होते. राहिली एकच. दाट, किंचित लाटेचे केस असलेली, त्या वेळी तापानं फणफणून घरात पडलेली.

सोमवारी स्वामी मंत्र म्हणणार होते, विभूती लावून, बेल वाहून खड्ड्यात ठेवणार होते ते एका जिवंत पोरीचे केस. हळद लागायच्या आधी पोरीची समाधी. असं होऊ द्यायला कोण तयार होईल? आणि हे माहीत कुणाला असेल? ज्यानं ती वेणी घरी आणली त्यालाच.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोमशेखरच्या दुकानात गेले आणि शटर अर्धं ओढून घेतलं.

"अण्णा, वेणी राजूची आहे ना?"

त्यानं नाही म्हटलं नाही. शर्टाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि थप्पीवर ठेवली. "टाकवेना," म्हणाला. "जिवंत पोरीचे केस कुठं टाकू?"

मग बोलायला लागला, जणू चार वर्षं कुणी विचारायची वाट बघत होता. "फाटकापाशी उभा होतो. गाडी निघाली, आत कोण आहे हेसुद्धा कुणी सांगितलं नाही. मी मागून पळालो. इकडं सिद्धू घरात तापलेली. सकाळी म्हणाली होती, काही नाही तर तिचे केस तरी आणा, नाहीतर मी अन्न शिवणार नाही. रिकाम्या हातानं कसा जाऊ? घरात शिरलो तर बाहेरच्या खोलीत राजू झोपलेली, ग्लानीत. कात्री घेतली. कापताना वाटलं, आता हीपण जाईल."

"तेव्हा सांगायचं नाही, ठीक. नंतर?"

"नंतर तिनं ते लॉकेट आणलं. जेवायला लागली. कसं सांगू? समाधीचं काढलं तेव्हा मात्र माझी झोप उडाली. बुधवारी गुरुशांतकडून येताना रस्त्यातच काढून घेतली. वाटलं, हरवली म्हणून रडेल, गप्प होईल. राजूचं नाव घेईल असं वाटलं नव्हतं."

"घेतलं ना. आणि तुम्ही ऐकत बसलात."

"सिद्धूला दुसऱ्यांदा मारू का दाक्षाक्का?"

"मग राजूला मारा," मी म्हणाले. फार रागात होते मी. "ती तर कालपासून चोर म्हणून तयार बसलीय. चला घरी. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

तो उठला.

घरात सगळ्यांना बसवलं. सोमशेखरनं पुडी सिद्धेश्वरीपुढं ठेवली आणि खाली बघत सगळं सांगितलं. त्याचं संपल्यावर ती माझ्याकडे वळली.

"खोटं आहे ना दाक्षाक्का?"

मी शिवलीलाच्या मेंदीचं सांगितलं. गेलेल्या पोरीला दिलेला शब्द मोडावा लागला, पण इलाज नव्हता.

"पांढरे केस? माझ्या शिवूला? कुठं?"

मी माझ्या कानाच्या वर बोट ठेवलं. "इथं. पट्टा होता."

"मला नाही सांगितलं तिनं."

"तुला काळजी वाटेल म्हणून."

सिद्धेश्वरी तिथंच जमिनीवर आडवी झाली आणि रडली. चार वर्षांत ती अशी रडली नव्हती. सोमशेखर पुढं झाला तसा तिनं त्याचा हात झिडकारला. "काहीच नाही माझ्याकडे तिचं," एवढंच म्हणत राहिली. "एक केसपण नाही."

काशम्मा काठी टेकत आली आणि सुनेच्या उशाशी बसली. तिला कुणी कधी सुनेला हात लावताना बघितलं नव्हतं. आज डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तिला लागत न्हाय गं केस. ती कवाच पोचली."

बऱ्याच वेळानं सिद्धेश्वरी उठून बसली. पुडी उघडली. दोरा सोडला, वेणी मोकळी केली. राजेश्वरी भिंतीला पाठ लावून उभी होती, तिला हातानं जवळ बोलावलं. पोर आली, पण बसली नाही. सिद्धेश्वरीनं तिची वेणी पुढं ओढली आणि ते केस त्यावर ठेवले. तीच लाट, तीच झाक. कुठले जुने आणि कुठले आजचे, मलासुद्धा वेगळे करता आले नसते.

"मी रोज सकाळी तुलाच डोळ्याला लावत होते," ती म्हणाली.

राजेश्वरीला रागावायचं होतं, हे मला दिसत होतं. तिचा हक्कही होता.

"मला मागितले असतेस मम्मी," ती म्हणाली, "तर मी सगळे कापून दिले असते."

सिद्धेश्वरीनं मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे बघितलं. बघतच राहिली. मग राजेश्वरी खाली बसली.